पोटखराब्यांतील राखणदार : उल्हास-खोऱ्यांतील भातशेती आणि ईतिनिवारण

१. विषयप्रवेश

अंबरनाथ येथील शिवालयाचा शिलालेख वाचकांस सुपरिचित आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो वाचला तेव्हां त्यांतील शक त्यांस ७८२ असा दिसला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असल्याचें दाखविलें, आणि शिलाहार राजा मुम्मुणि याच्या कारकीर्दींतील इ.स. १०६० हें वर्ष सर्वमान्य झालें. एका अंकाचें वाचन सुधारतांच देवालयाचें वय दोनशें वर्षांनीं उतरलें. जुना लेख पुनः पुनः वाचावा, ही शिकवण अशा उदाहरणांनींच आमच्या अभ्यासांत मुरली आहे.

त्या शिवालयाच्या भोंवतालच्या जमिनींचे लेखही उपलब्ध आहेत; ते तलाठ्याच्या दप्तरांत सांपडतात. सात-बाराच्या उताऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राशेजारीं 'पोटखराबा' या सदरांत कांहीं गुंठे दाखविलेले असतात. खडकाळ चढ, ओढ्याची कड, गवताचा तुकडा, खळ्याची जागा, असें जें जें पिकाखालीं येत नाहीं तें त्या सदरांत पडतें. खाचराच्या बांधाला तर बहुधा स्वतंत्र नोंदच नसते. ज्या भूमीपासून कांहीं उत्पन्न नाहीं ती भूमि, असा या शब्दाचा अर्थ आजवर घेतला गेला. हें वाचन अपुरें आहे, असें प्रस्तुत लेखाचें प्रतिपादन आहे. पिकाचे राखणदार ज्या जागेंत राहतात ती हीच जागा होय. आणि जुन्या दानलेखांत, ग्रंथांत व अलीकडील कीटकशास्त्रांत तिच्या मोलाविषयीं जो पुरावा मिळतो तो एकत्र ठेवून पाहण्याजोगा आहे.

स्थल आम्हीं मुद्दाम जवळचें निवडलें आहे. उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर यांवरून वाहत कल्याणाकडे जाते. अंबरनाथ व उल्हासनगर यांमधून येणारी वालधुनी पुढें तिच्या पाण्यास मिळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणाजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर तेथें सिंधमधील निर्वासितांची वसाहत झाली, व दिनांक ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. त्यापुढें कारखाने आले, इमारती आल्या, आणि अंबरनाथ व बदलापूर हीं गांवेंही नगरें झालीं. तरीही मलंगगडाच्या रांगेपासून बारवीच्या रानापर्यंत भाताचीं खाचरें अद्याप आहेत. त्यांच्याविषयीं आज लिहिलें नाहीं, तर पुढें लिहावयास तीं उरतीलच असा भरंवसा धरतां येत नाहीं.

२. दानलेखांतील शेत आणि मोजणींतील शेत

राष्ट्रकूट व शिलाहार यांच्या ताम्रपटांत ग्राम किंवा क्षेत्र दान देतांना कांहीं विशेषणें ठराविक रीतीनें येतात. तृण, काष्ठ आणि उदक यांसह दान दिलें, वृक्षांच्या रांगांसह दिलें, अशा अर्थाचे शब्द या लेखांच्या अभ्यासकांस पाठच असतील. छित्तराजाच्या शके ९४८ च्या भांडुप ताम्रपटांत षट्षष्टि म्हणजे साष्टी विषयांतील भूमीच्या चारही दिशांच्या सीमा सांगितल्या आहेत. दात्याच्या दृष्टीनें शेत म्हणजे नुसती नांगरट नव्हती. गवत, लांकूड, पाणी आणि झाडांची रांग हीं त्या शेताचीं अंगें होतीं, व तीं सोडून शेताचें वर्णन पुरें होत नव्हतें.

येथें एक शंका उपस्थित होईल. हीं विशेषणें लेखकाच्या हातवळणाचीं आहेत. एका लेखांतून दुसऱ्या लेखांत तीं जशींच्या तशीं उतरतात. त्यांवरून प्रत्यक्ष शेताविषयीं कांहीं सिद्ध होत नाहीं. शंका योग्य आहे. अमक्या शेताच्या बांधावर अमुक झाडें होतीं, असें या शब्दांवरून आम्ही म्हणत नाहीं. परंतु जी गोष्ट साऱ्या दानपत्रांत ठराविक होऊन बसली, ती त्या काळच्या व्यवहारांत गृहीत धरलेली होती, एवढें तरी मान्य करावें लागेल. गवत व झाडें यांवर हक्क होता म्हणूनच त्यांचा उल्लेख झाला. कीटकांचा विचार दात्याच्या मनांत नसेल. त्याच्या मनांत गुरांची वैरण आणि घराचें लांकूड असेल. मात्र हेतु कोणताही असो, झाडें व गवत शेताबरोबर राखलीं गेलीं हा परिणाम खरा.

मराठेशाहींतील दाखला सर्वांच्या परिचयाचा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड तोडतांना रयतेच्या आंबे-फणसांस तिच्या राजीखुशीवांचून हात लावूं नये असें बजावलें आहे, आणि रयतेनें तीं झाडें लेंकराप्रमाणें वाढविलेलीं असतात हें त्याचें कारण दिलें आहे. शेतांतील झाड हें रयतेच्या संसाराचा भाग आहे, ही जाणीव राज्यकर्त्यांसही होती.

इंग्रजी अमलांत मोजणीची दृष्टि पालटली. प्रिंगल यांचा पहिला प्रयत्न फसल्यावर १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुराकडे नवी पद्धति बसविली, व १८४७ च्या संयुक्त अहवालानें ती मुंबई इलाख्यास लागू करण्याजोगी ठरली. या पद्धतीचा हेतु आकार ठरविण्याचा होता. ज्या जमिनींतून पीक निघतें तिच्यावर आकार, आणि जिच्यांतून निघत नाहीं ती आकारांतून वगळावयाची, ही वांटणी करआकारणीपुरती अगदीं रास्त होती. वगळलेल्या जमिनीस सारा माफ झाला ही रयतेची सोयच झाली. परंतु सारा नसलेल्या जमिनीस नांव पडलें तें 'खराबा', आणि हिशेबाच्या सोयीसाठीं घेतलेलें नांव कालांतरानें गुणवर्णन होऊन बसलें. तीन-चार पिढ्या ज्या कागदावर एखादी जागा खराब म्हणून वाचतात, ती जागा राखावी असें त्यांस वाटणार कसें?

ठाणें जिल्ह्यांत या वांटणीस एक विशेष अपवाद होता, तो वरकस जमिनीचा. भातखाचरांना लागून असलेली चढाची माळजमीन ती वरकस. तिच्यावर नाचणी, वरी, तीळ, खुरासणी हीं पिकें आळीपाळीनें होत. मधल्या वर्षीं गवत व झाडोरा वाढे. त्या झाडांच्या डहाळ्या, पाला, शेण व गवत रोपांच्या वाफ्यावर पसरून उन्हाळ्यांत जाळीत, हाच राब. सरकारी जंगलाचे नियम कडक होऊन राबाची अडचण पडूं लागली तेव्हां ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेचीं गाऱ्हाणीं ऐकण्यासाठीं १८८५ सालीं मुंबई सरकारास जंगल-कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं झाला. भाताच्या एका खाचराचें जीवन बाजूच्या झाडोऱ्यावर अवलंबून आहे, हें त्या निमित्तानें सरकारी कागदोपत्रीं आलें. राबाच्या गुणदोषांचा वाद येथें करावयाचा नाहीं. पुढील विवेचनासाठीं इतकेंच ध्यानांत ठेवावें कीं, या खोऱ्यांतील भातशेती कधींच एकटी नव्हती. तिच्या शेजारीं तिळाखुरासणीचीं फुलें आणि गवताळ माळ असे.

३. ग्रंथांतील ईति

पिकावरील संकटांस संस्कृतांत 'ईति' म्हणतात. अतिवृष्टि व अनावृष्टि यांबरोबर मूषक, शलभ आणि शुक हे त्या यादींत नेहमीं येतात. म्हणजे उंदीर, टोळ आणि पोपट. या ईतींच्या निवारणाचे दोन मार्ग ग्रंथांत दिसतात. एक मार्ग मंत्रांचा व शांतिकर्मांचा; दुसरा निरीक्षणाचा. दुसऱ्याकडे आमच्या अभ्यासकांचें लक्ष कमी गेलें आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या कंटकशोधन नामक चौथ्या अधिकरणांत उपनिपातांच्या प्रतीकाराचा अध्याय आहे. हा ग्रंथ म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आलेल्या हस्तलिखितावरून आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून काढला, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगावयास नको. उंदरांचें भय उत्पन्न झालें असतां मांजरें व मुंगुसें सोडावीं, असें तेथें प्रथम सांगितलें आहे. आणि लगेच, त्यांस जो धरील किंवा मारील त्यास बारा पण दंड ठेविला आहे. कुत्र्यांस आवरून न धरणाऱ्यासही तोच दंड. अरण्यवासी लोकांस मात्र त्यांतून सूट. त्यापुढें शेराच्या चिकानें माखलेलें धान्य ठेवणें, उंदरांच्या रूपानें कर वसूल करणें, असे दुसरे उपाय येतात; आणि टोळ, पक्षी व कृमि यांचा प्रतीकार याच धर्तीवर समजावा असें सांगून ग्रंथकार पुढें जातो.

या विधानाचें मर्म दंडांत आहे. मांजर उंदीर खातें हें कोणासही ठाऊक असतें. परंतु मुंगूस मारणारा मनुष्य शेजाऱ्याच्या धान्याचें नुकसान करतो, म्हणून तें कृत्य दंडनीय समजावें, ही कल्पना कायद्याची आहे. पिकाच्या शत्रूचा शत्रु हा सर्वांच्या उपयोगाचा असून त्याचें रक्षण राजानें करावें, हें तत्त्व येथें स्पष्ट दिसतें.

कृषिपराशर हा ग्रंथ खास भातशेतीचा. त्याची आवृत्ति मजुमदार व बॅनर्जी यांनीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीमार्फत १९६० सालीं प्रसिद्ध केली. त्यांत कीड घालविण्याचा मंत्र पानावर लिहून शेतांत बांधावा असें आहे, आणि त्या मंत्रांत किडींचीं नांवें आहेत. त्यांपैकीं 'गांधी' हें नांव बंगालींत आजही लोंबीचा चीक शोषणाऱ्या ढेकण्याला आहे. मंत्र मंत्राच्या जागीं ठेवला तरी ही नामावळी कोशकारांच्या उपयोगाची आहे. त्याच ग्रंथांत भाद्रपदांत खाचरांतील पाणी सोडून द्यावें, म्हणजे भात निरोगी राहतें, असें सांगितलें आहे. बुंध्याशीं वाढणारे तपकिरी तुडतुडे आणि पाण्यावर तरंगत पसरणारी सुरळींतील अळी यांसाठीं आजचे कृषितज्ज्ञ हाच सल्ला देतात. सूर्य तुळेस आला असतां शेतांत नळ रोवण्याचा एक विधिही तेथें आहे. आजकाल कृषिखातें पिकांत पक्षीथांबे उभारावयास सांगतें. रोवलेल्या नळावर कोतवाल येऊन बसत असावेत असा आमचा तर्क आहे, परंतु ग्रंथांत तसें म्हटलेलें नाहीं, यास्तव त्यावर भार देत नाहीं.

सुरपालाचा वृक्षायुर्वेद ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांतील हस्तलिखितावरून १९९६ सालीं सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशननें नलिनी साधले यांच्या भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्याचा विषय मुख्यतः बागेचा व वृक्षांच्या रोगांचा असल्यामुळें येथें नुसता उल्लेख करून पुढें जातों.

४. खाचरांतील कोण काय करतो

आतां कीटकशास्त्र काय म्हणतें तें पाहूं. भाताचा मुख्य शत्रु खोडकिडा. त्याचा पिंवळसर पतंग पानाच्या शेंड्याकडे अंड्यांचा पुंजका घालतो. अळी खोडांत शिरली कीं कोवळ्या रोपाचा गाभा मरतो, त्यास गाभेमर म्हणतात. लोंबी येण्याच्या वेळीं ती शिरली तर लोंबी पांढरी व पोकळ निघते, ती पळींज. अळी एकदां खोडांत गेल्यावर तिच्यापर्यंत औषध पोंचणें कठीण. ट्रायकोग्रामा नांवाची गांधीलमाशीच्या जातीची एक सूक्ष्म माशी मात्र अळी जन्मण्यापूर्वींच काम उरकते. तिची लांबी एक मिलिमीटरही नसते. ती पतंगाच्या अंड्यांत आपलें अंडें घालते; तिचें पिलूं आंतील द्रव्य खाऊन वाढतें व पतंगाचा वंश अंड्यांतच संपतो. परंतु पिलें अंड्यांत वाढलीं तरी प्रौढ माशीस फुलांतील मध लागतो. भातखाचरांत मध नाहीं. तो बांधावर, माळावर, तिळाखुरासणींत असतो. खराब्याचा पहिला उपयोग हा.

दुसरा शत्रु तपकिरी तुडतुडा. त्याला खाणारे मुख्यत्वें कोळी. फिलिपीन्स येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं नोंदविलें आहे कीं, जाळें न विणतां बुंध्याशीं धांवून शिकार करणारा एक कोळी दिवसाला पांच ते पंधरा कीटक खातो. आतां प्रश्न असा कीं, लावणीनंतर पहिल्या महिन्यांत खाचरांत तुडतुडे नसतात. तेव्हां हे कोळी जगतात कशावर? याचें उत्तर सेटल व त्यांचे सहकारी यांनीं जावा बेटांतील खाचरांचा अभ्यास करून १९९६ सालीं दिलें. चिखलांतील कुजका पाला, शेण व धसकटें यांवर असंख्य निरुपद्रवी चिलटें व सूक्ष्म जीव वाढतात. कोळी व इतर भक्षक आधीं त्यांवर पोसले जातात, आणि शत्रु येतो तेव्हां फौज तयार असते. जें आपण कुजकें म्हणून हिणवितों तें त्या फौजेचें धान्य आहे.

याची उलट बाजू अशी कीं, विषारी औषध लौकर फवारलें तर आधीं फौज मरते. तुडतुड्याचीं अंडीं भाताच्या पानाच्या देठवेष्टनांत सुरक्षित असतात; तीं पुढें फुटतात तेव्हां शेत निर्नायक झालेलें असतें, आणि कीड पूर्वींपेक्षां दुणावते. इंडोनेशियाच्या सरकारनें हें ओळखून १९८६ सालीं भातावरील ५७ औषधांस बंदी केली व औषधांवरील अर्थसाहाय्य क्रमानें काढून घेतलें. तरीही तेथील भाताचें पीक त्यामुळें घटलें नाहीं. थायलंड, चीन व व्हिएतनाम या तीन देशांत बांधांवर मध देणारीं फुलझाडें लावून केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. औषधांची फवारणी ७० टक्क्यांनीं कमी झाली, धान्य ५ टक्क्यांनीं वाढलें आणि शेतकऱ्याचा फायदा ७.५ टक्के अधिक झाला. या आंकड्यांपुढें बांधास खराबा म्हणणें जड जातें.

कोंकणपट्टीचा विशेष शत्रु लष्करी अळी. ती दिवसा बुंध्यांत व बांधाच्या भेगांत दडते; रात्रीं वर चढून पिकलेल्या लोंब्या कुरतडून टाकते, आणि खाण्यापेक्षां नासाडीच अधिक करते. दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. बदलापूरच्या वर उल्हासेच्याच कांठीं कर्जत येथें त्याचें भात-संशोधन केंद्र आहे. या अळीसाठीं बेडकांचें शेतांत संवर्धन करावें, असा सल्ला कोंकणांतील शेतकऱ्यांस दिला जातो. खाचरांत पाणी बांधून ठेवावें, म्हणजे अळ्या वर चढतात व पक्षी त्यांस टिपतात, हाही त्यांतलाच. बेडकास अंडीं घालावयास सांचलेलें पाणी आणि उन्हाळा काढावयास बांधाची ओली माती लागते. तीं दोन्हीं गेलीं कीं सल्ला कागदावर राहतो.

पक्ष्यांविषयीं जुना व भरंवशाचा ग्रंथ म्हणजे मेसन व लेफ्रॉय यांचा, हिंदुस्थानांतील पक्ष्यांच्या आहाराविषयींचा, १९१२ सालचा. पक्ष्यांच्या पोटांतील अन्न तपासून त्यांत कोणता कीटक किती हें त्यांनीं नोंदविलें. म्हणजे अनुमानाऐवजीं मोजदाद केली. आमच्या इकडील साळुंकीची कीर्ति तर त्याहून जुनी आहे. १७६२ सालीं मॉरिशस बेटांत टोळांचा उपद्रव माजला तेव्हां हिंदुस्थानांतून साळुंक्या नेऊन सोडल्या गेल्या. कीड मारण्यासाठीं एका देशांतील प्राणी दुसऱ्या देशांत नेल्याचें हें आरंभींचें उदाहरण म्हणून कीटकशास्त्राच्या इतिहासांत दिलें जातें.

राहिले उंदीर. धामण, गव्हाणी घुबड व मुंगूस हे त्यांचे वैरी. आणि या खोऱ्यांत आणखी एक गणावा लागेल. भाताची कापणी झाल्यावर बांधांतील बिळें उकरून उंदीर-घुशी पकडण्यांत कातकरी लोक निष्णात आहेत. बिळांत सांठलेलें धान्यही त्यांस मिळतें. शेतकऱ्याचें त्यांत नुकसान नाहीं, लाभच आहे. कौटिल्यानें उंदरांच्या रूपानें कर घेण्याचा जो उपाय सांगितला, तो येथें कोणत्याही आज्ञेवांचून चालत आला.

५. पूर्वपक्ष

हें सारें वाचून कोणी म्हणेल कीं, बांध वाढूं द्या, गवत वाढूं द्या, म्हणजे झालें. तसें नाहीं. बांधावरच्या गवतांत जसा कोळी राहतो तसा लोंबीवरचा ढेकण्याही राहतो. भातांत लोंबी नसते तेव्हां तो त्या गवतांवर गुजराण करतो. खेकडे बांध पोखरून खाचराचें पाणी फोडतात व रोपें कापतात. पोपट आणि मुनिया दाणे खातात. शुकास ईतींत घालणारे आमचे ग्रंथकार अनुभवी होते. शेतकरी बांध तासून काढतो तें अज्ञानानें नव्हे, या त्रासामुळें. त्यास दोष देण्यापूर्वीं त्याचा हा पक्ष ऐकला पाहिजे.

दुसरें, मोठ्या ईतीपुढें हे राखणदार तोकडे पडतात. १९०३-०४ सालीं मुंबई इलाख्यांत टोळांनीं जो उपद्रव मांडला, त्याचा अहवाल लेफ्रॉय यांनीं १९०६ सालीं लिहिला. थव्यांनीं येणारा टोळ पांखरांनीं खाऊन संपत नाहीं. राखणदारांचें काम नेहमींच्या किडीस नेहमींच्या मर्यादेंत ठेवण्याचें आहे. दरवर्षींचा हा बंदोबस्त आवाज न करतां चालतो म्हणून त्याची नोंद होत नाहीं. संकट आलें तेव्हांच दप्तरांत ओळ पडते. इतिहासलेखकास हा भेद ओळखीचा आहे. लढायांच्या बखरी होतात; चौकी-पहाऱ्याची बखर होत नाहीं.

या दोन्हीं आक्षेपांतून निष्पन्न होतें तें इतकेंच कीं, कोणतें गवत राखावें व कोणतें काढावें, कोणता बांध रुंद ठेवावा व कोणता तासावा, याचें ज्ञान लागतें. तें ज्ञान गांवोगांव निरनिराळें असून बहुतांशीं अलिखित आहे.

६. विसकटलेली घडी

राखणदारांची ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तीन बाजूंनीं मोडली. पहिली बाजू औषधांची. शेतकरी ज्यास पावडर म्हणे तें बीएचसी आपल्या देशांत १९९७ सालीं बंद झालें. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं बंदी घातली. म्हणजे दशकानुदशकें जें शेतांत टाकलें तें घातक होतें असें मागाहून ठरलें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. कीड मारण्याचा हा मार्ग मनुष्यासही स्वस्त पडत नाहीं.

दुसरी बाजू व्यापाराची. परदेशीं बेडकांच्या तंगड्यांस मागणी होती. १९८१ च्या सुमारास येथून वर्षाला चार हजार टनांहून अधिक माल जात असे. इतके पाय म्हणजे किती बेडूक, आणि ते जगते तर किती किडे खाते, हा हिशेब मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनीं लोकांपुढें लावून धरला. १९८७ सालीं सरकारनें ही निर्यात बंद केली. गोव्यांत पावसाळ्याच्या तोंडावर बेडूक धरण्याची चाल कायद्यानें निषिद्ध असूनही पुरती मोडलेली नाहीं, व वनखात्यास त्यासाठीं गस्त घालावी लागते. मुंगसास मारणाऱ्याकडून बारा पण घेणारा कौटिल्य आणि १९८७ चा हुकूम यांच्या तत्त्वांत कांहीं अंतर नाहीं. मध्यंतरीं तें तत्त्व आम्ही विसरलों होतों.

तिसरी बाजू जागेची, आणि ती या तीन नगरांस सर्वांत लागू आहे. नगर वाढूं लागतें तेव्हां वरकस आधीं जातें, कारण तें उंचावर, कोरडें व स्वस्त असतें. ओढा बुजतो, माळ सपाट होतो, आणि खाचरें तूर्त जागच्या जागीं राहतात. कागदावर लागवडीचें क्षेत्र तितकेंच दिसतें. परंतु ज्या माळावर मध होता, ज्या डबक्यांत बेडूक होता व ज्या झाडावर कोतवाल होता, तें सारें गेलेलें असतें. मग कीड वाढते, औषध वाढतें, खर्च वाढतो, शेती आंतबट्ट्याची ठरते आणि शेवटीं खाचरही विकलें जातें. शेत मेलें तें त्याच्या पोटांतला 'खराबा' आधीं मेला म्हणून, हें मागाहून कोणत्याही उताऱ्यावर दिसणार नाहीं.

७. संग्राहकांस विनंती

कृषिविषयक उपाययोजना हें आमचें क्षेत्र नव्हे. ती त्या त्या तज्ज्ञांनीं करावी. आमचें क्षेत्र लेखांचें आहे, आणि लेखांच्या बाबतींत करण्याजोगें पुष्कळ आहे. ठाणें जिल्ह्यांतील जुनीं घरें पाडलीं जात आहेत, व त्यांबरोबर फडताळांतील दप्तरें रद्दींत जात आहेत. संग्राहक सनदा, वंशावळी व निवाडे वेंचून घेतात आणि शेताच्या वहीखात्याचे कागद टाकून देतात. तें करूं नये.

पुढील प्रकारचे कागद आढळल्यास त्यांची नक्कल करून ठेवावी : शेताच्या सीमा सांगतांना झाडांचीं नांवें देणारीं खरेदीखतें व वांटणीपत्रें, बांधावरील झाडें, गवत व पाणी यांच्या हक्कांविषयींचे तंटे, वरकस व राब यांसंबंधींचे अर्ज, अमक्या सालीं अमुक किडीनें पीक गेलें अशा तहशिलीच्या माफीच्या नोंदी, आणि किडी, पांखरें, गवतें यांचीं स्थानिक नांवें असलेलीं टिपणें. प्रत्येक नकलेवर गांव, साल व कागद कोठें मिळाला तें लिहावें. ज्या गांवांत वृद्ध शेतकरी अद्याप आहेत तेथें त्यांस बांधावरील प्रत्येक झाडाचें व गवताचें नांव आणि त्याचा गुणदोष विचारून टिपून घ्यावा. कातकरी वस्तीवरही तसेंच विचारावें, कारण बिळांचें व सापांचें ज्ञान त्यांच्याइतकें कोणास नसतें. अशीं पन्नास गांवांचीं टिपणें जमलीं तरी या खोऱ्यांतील शेत पूर्वीं कसें होतें त्याचा नकाशा काढतां येईल, आणि जें थोडें उरलें आहे तें कोणत्या ठिकाणीं राखावें हें सांगणाऱ्यांस त्याचा आधार मिळेल.

अंबरनाथच्या शिलेवरील अंक नऊशें वर्षें टिकला म्हणून त्याचें वाचन सुधारतां आलें. बांधावरचा बेडूक व माळावरची खुरासणी यांस तितका अवधि नाहीं. हीं टिपणें येत्या पावसाळ्यापासूनच सुरू व्हावीं, अशी सुज्ञ वाचकांस आमची विनंती आहे.